भरल्या घरातली एकटी

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

'एकटी बाई' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? लग्न न केलेली, नवरा गेलेली, मुलं परदेशी असलेली, एका खोलीत राहणारी कुणीतरी. मराठी कथा-कादंबऱ्या वाचताना मला मात्र वेगळीच बाई एकटी दिसते. तिच्या घरात सासू-सासरे आहेत, दीर-जावा आहेत, आल्यागेल्याची वर्दळ आहे. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस पानं उठतात. तिला क्षणाचा एकांत मिळत नाही. आणि तरीही मनातलं सांगावं असं एकही माणूस तिला नाही.

मराठीत यासाठी फार नेमका शब्दप्रयोग आहे, 'एकटं पाडणं'. एकटं असणं ही अवस्था झाली. एकटं पाडणं ही कृती आहे. कृती म्हटली की ती करणारे आले, तिची रीत आली आणि तिच्यामागचा हेतूही आला. आज मला बोलायचं आहे ते या कृतीविषयी. पुरुषसत्ता हा शब्द आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो. साध्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की घरातला शेवटचा शब्द पुरुषाचा आणि तो शब्द अमलात आणण्याचं काम घरातल्या सगळ्यांचं, अगदी बायकांचंसुद्धा. हा शब्द चालायचा असेल तर ज्या बाईवर तो चालवायचा तिच्या बाजूनं बोलणारं कुणी असता कामा नये. म्हणून तिला एकटं पाडावं लागतं.

हे समजून घ्यायला मी कथा-कादंबऱ्यांकडे का वळते, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. एकटं पाडण्याची कुठलीही एक घटना घ्या, ती क्षुल्लकच वाटते. माहेरचं पत्र चार दिवस उशिरा हातात दिलं. शेजारणीकडे बसलेली दिसल्यावर सासूनं तोंड वाकडं केलं. चारचौघांत 'हिला काय कळतंय' म्हणून नवरा हसला. यातल्या कशाची तक्रार करणार? आणि केली तर 'एवढंसं तर झालं' असं उत्तर मिळणार. हे 'एवढंसं' रोज साठत जाऊन वीस वर्षांत त्याचं काय होतं, ते सलग दाखवायला कादंबरीच लागते.

मराठी कादंबरीचा जन्मच मुळी या प्रश्नातून झाला. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली. तिला आपण मराठीतली पहिली कादंबरी मानतो. तिची नायिका यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत तिला ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या कळतात. विधवा पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. कायदा झाला तरी घराघरांतल्या विधवा तिथंच होत्या, आपापल्या कोपऱ्यात. पदमनजींचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. पण त्यांनी एक गोष्ट अचूक हेरली. या बायकांचं दुःख एकसारखं असलं तरी त्यांची एकमेकींशी गाठ पडत नाही. ते दुःख एकत्र बघायला प्रवासीच व्हावं लागतं.

पुढं १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर, लग्नाबाहेर झालेलं आपलं मूल मारल्याचा खटला झाला होता. तिला आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून विधवांच्या नीतीवर ताशेरे झडत होते. ताराबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता, की या सगळ्यात पुरुष कुठं आहे? आरोपीच्या पिंजऱ्यात बाई एकटीच का? हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढं तो आपल्याला रंगभूमीवर पुन्हा भेटणार आहे.

आणि मग येते हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?'. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. एका पुरुषानं लिहिलेलं हे एका बाईचं आत्मवृत्त. यमुना आपली कहाणी स्वतः सांगते. आज ही कादंबरी वाचली, की एकटं पाडण्याच्या पायऱ्या एकापाठोपाठ एक दिसू लागतात.

पहिली पायरी माहेरची. यमुनेचे वडील कडक आणि तापट. घरात त्यांचा शब्द पडला की आई गप्प. म्हणजे मुलगी पहिला धडा माहेरीच शिकते : बोलून उपयोग नसतो. आई अकाली जाते, वडील दुसरं लग्न करतात आणि माहेर नावाचा आसरा पातळ होत जातो. माहेरी परतून जाता येत नाही, हे सासरला एकदा कळलं की सासरचं बळ दुप्पट होतं. आपल्याकडे 'माहेर तुटणं' म्हणतात ते हेच.

दुसरी पायरी मैत्रिणीची. दुर्गी ही यमुनेची लहानपणापासूनची सखी. तिच्या वाट्याला उनाड, वाईट चालीचा नवरा आला. दोघी एकमेकींचं दुःख जाणतात, पण एकीला दुसरीसाठी काही करता येत नाही. दोघींच्या चाव्या दुसऱ्यांच्या कनवटीला. आपल्यासारखंच दुसरीचंही चाललंय, हे कळल्यानं धीर येतो हे खरं. पण 'बाईच्या जातीला हे असंच' अशी समजूतही त्यातूनच पक्की होते. हरिभाऊंनी हे दोन्ही दाखवलंय.

तिसरी पायरी अक्षराची. यमुनेचा नवरा रघुनाथराव सुधारकी विचारांचा, मनाचा चांगला. तो तिला लिहायला-वाचायला उत्तेजन देतो. पण सासरच्या घरात बाईनं पुस्तक हातात धरणं म्हणजे थट्टेला आमंत्रण. इथं मला कादंबरी बाजूला ठेवून खऱ्या आयुष्यातलं उदाहरण द्यावंसं वाटतं. रमाबाई रानड्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत हेच आहे. न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवत होते, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यांना टोमणे मारत होत्या, तोडून वागत होत्या. शिकणाऱ्या बाईला घरातल्या बायकांनीच वेगळं काढायचं, ही रीत काही हरिभाऊंच्या कल्पनेतून आलेली नव्हती.

बायकाच असं का वागतात, हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो. 'बाईच बाईची वैरी' म्हणून आपण मोकळे होतो. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. ज्या घरात बाईला स्वतःची अशी सत्ता नाही, तिथं तिला मिळणारी एकमेव सत्ता म्हणजे दुसऱ्या बाईवरची, आणि तीही घराण्याची रीत पाळायला लावण्यापुरती. सासू ती सत्ता कसोशीनं वापरते, कारण नाही वापरली तर तीही जाईल. दरवाज्यावर बसवलेला राखणदार वाड्याचा मालक नसतो. पण जाणाऱ्या-येणाऱ्याला भीती त्याचीच वाटते.

यमुनेला थोडे दिवस मोकळा वारा मिळतो तो मुंबईत, नवऱ्याबरोबर बिऱ्हाड केल्यावर. तिथं तिला बरोबरीच्या मैत्रिणी मिळतात, वाचन मिळतं, बोलणं मिळतं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण त्यातून कळतं, की यमुना स्वभावानं एकलकोंडी नव्हती. माणसं मिळाली की ती फुलते. म्हणजे दोष तिच्या स्वभावात नाही, घराच्या रचनेत आहे.

आणि मग रघुनाथराव जातो. सासरच्या मंडळींतले शंकरमामंजी, देवधर्माचा आव आणणारे आणि आतून किडलेले, तिच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन घडवून आणतात. केशवपनाविषयी आपण क्रूर रूढी म्हणून बोलतो. पण तिचं काम काय होतं, ते नीट पाहिलं पाहिजे. केस गेले की बाई कुठंही गेली तरी तिची ओळख तिच्याआधी पोचते. मंगलकार्यात ती पुढं येऊ शकत नाही, सकाळी ती समोर आली तर अपशकुन. तिला कोंडून ठेवायला कडीकुलूप लागत नाही. कुलूप तिच्या अंगावरच घातलेलं असतं.

ज्या १८९० साली 'करमणूक'मध्ये ही कादंबरी सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा ठराव केला. ज्या हातांकडून हे काम करवून घेतलं जात होतं, ते हातच म्हणाले, आम्ही नाही करणार. एकटं पाडायला पुष्कळ हात लागतात. त्यातला एक जरी मागं घेतला तरी काम अडतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा धडा आजही ताजा आहे.

याच सुमारास, १८९२ मध्ये, अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा प्रसिद्ध झाली. तीही बाईनं स्वतः सांगितलेली. तिचा नवरा डॉक्टर आहे, प्रेमळ आहे. बाळंतपणानंतर तिचं मन ठीक नाही म्हणून तो तिला विश्रांतीसाठी एका घरातल्या वरच्या खोलीत ठेवतो. लिहायचं नाही, फार माणसांत मिसळायचं नाही, सगळं तिच्या भल्यासाठी. त्या खोलीच्या भिंतीवरच्या पिवळ्या कागदाकडे बघता बघता तिचं भान सुटतं. पुण्याच्या वाड्यात धर्माच्या नावानं जे झालं, ते तिथं वैद्यकाच्या नावानं झालं. मारहाण नाही, शिवी नाही. 'तुझ्या काळजीपोटी' असं म्हणूनही बाईला एकटं पाडता येतं, हे ही छोटीशी कथा दाखवते. आपल्या ओळखीच्या किती घरांत हे वाक्य ऐकू येतं, ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

पुढची पिढी शिकली, नोकरीला लागली. आता तरी एकटेपण संपायला हवं होतं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि तसं झालं नसल्याचं कळलं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. ही कोण, याचा महाराष्ट्रभर शोध सुरू झाला, कारण नाव टोपणनाव होतं. आज आपल्याला माहीत आहे, की त्या बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर. त्या काळातली शिकलेली, शिक्षणक्षेत्रात काम करणारी बाईसुद्धा हे स्वतःच्या नावानं लिहू शकली नाही, इतका लोकलाजेचा धाक होता. म्हणजे पुस्तकातल्या नायिकांभोवतीची भिंत लेखिकेच्या दारापर्यंत आलेली होती.

या संग्रहातली 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' ही कथा नुसत्या शीर्षकानंही बोलते. मुलगी कमावते, घर तिच्या पगारावर चालतं, आणि म्हणून तिच्या लग्नाचं कुणी मनावर घेत नाही. तिला कुणी छळत नाही. उलट तिचं कौतुकच होतं. 'आमचा मुलगाच आहे तो' असं वडील म्हणतात तसं कौतुक. पण त्या कौतुकात तिचं स्वतःचं आयुष्य हळूहळू मिटत जातं आणि तक्रार करावी तर आपणच स्वार्थी ठरू ही भीती. यमुनेला परावलंबनानं एकटं पाडलं. या मुलींना त्यांच्या कमाईनं एकटं पाडलं. हातात पैसा येणं पुरेसं नसतं. तो कुणाचा, हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न.

पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, 'हिंदोळ्यावर' ही त्यांची कादंबरी आली. अचला ही नवऱ्यानं टाकलेली स्त्री. विराग या पुरुषावर तिचं प्रेम आहे. त्या काळी उच्चवर्णीय हिंदू बाईला कायद्यानं घटस्फोट मिळत नव्हता. मुंबई प्रांतात तो कायदा आला १९४७ साली. म्हणजे नवरा तिला टाकू शकत होता, ती मात्र त्याला टाकू शकत नव्हती. लग्नात नाही आणि लग्नाबाहेरही नाही, अशा अधांतरी जागी समाजानं तिला ठेवलं. शीर्षकातला हिंदोळा तो हा.

आता ताराबाईंचा प्रश्न रंगभूमीवर भेटतो तिथं जाऊ. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली आलं. अरविंद देशपांडे यांनी ते बसवलं आणि सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारे उभी केली. मुंबईतल्या एका हौशी मंडळाची माणसं एका गावात प्रयोगासाठी जातात. मंडळाचं नाव आहे सोनार मोती टेनेमेंट प्रोग्रेसिव्ह असोसिएशन. हे नाव गमतीनं घेऊ नका. टेनेमेंट म्हणजे राहती इमारत, आणि 'प्रोग्रेसिव्ह' म्हणजे पुरोगामी! ही माणसं खलनायक नाहीत. एका मंडळातली, एकत्र हसणारी-खिदळणारी, रोजच्या ओळखीची माणसं आहेत.

वेळ घालवायला म्हणून ते खोटा खटला उभा करतात. आरोपी बेणारेबाई, आरोप भ्रूणहत्येचा. खेळ खेळ म्हणता म्हणता तिचं खरं खासगी आयुष्य चव्हाट्यावर येतं. ती गरोदर आहे आणि तो पुरुष, प्रोफेसर दामले, त्या दिवशी आलेलाच नाही. त्याची जागा रिकामी. बाई पिंजऱ्यात, पुरुष गैरहजर. सुरतेच्या खटल्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनीही चित्र तेच.

या नाटकातल्या दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. एक म्हणजे दार. बेणारे बाहेर पडायला जाते तर दार उघडत नाही, कडी बाहेरून लागलेली. दुसरी म्हणजे सामंत. गावातला हा साधा, भला माणूस. त्याला साक्ष द्यायला उभं करतात, आणि सांगण्यासारखं काही नसल्यामुळे तो हातातल्या कादंबरीतला प्रसंग बेणारेविषयी पाहिल्यासारखा सांगतो. पुढं त्याचाच धागा तिच्याविरुद्ध ओढला जातो. म्हणजे गोष्टी बाईच्या बाजूनंच उभ्या राहतात असं नाही. हलक्या गोष्टींतली ठरीव 'वाईट चालीची बाई' खऱ्या बाईच्या गळ्यात कशी अडकवली जाते, हेही तेंडुलकरांनी दाखवून ठेवलंय. शेवटी तिच्या शाळेच्या नोकरीवरही घाला येतो. शिकवणं हीच तर तिची अभिमानाची एकमेव जागा होती. एकटं पाडणारे नेमक्या त्याच जागेवर वार करतात.

आतापर्यंतची माणसं मध्यमवर्गीय. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० मधली. वऱ्हाडातल्या शिंपी कुटुंबातली कौतिक तिच्यात आहे. इथं पडदा नाही, वाडा नाही. कौतिक राबते, मजुरी करते, माणसांत वावरते. तिला घरात बसायची मुभाच नाही. मग ती एकटी कशी? नवरा महादेव कामाला कच्चा, आणि पुढं त्याला महारोग होतो. घराचा सगळा गाडा तिनं ओढायचा, पण घराचा मालक तो. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार शून्य. शेवटी तिचं भानच हरपतं. गरिबाघरी बाईला एकटं पाडायला कोंडावं लागत नाही. कष्ट तेवढं काम करतात. कुणाजवळ दोन घटका बसायला वेळच उरत नाही.

या सगळ्या बायका एकत्र ठेवल्या तर काय दिसतं? रीत प्रत्येक वेळी बदलते. कधी धर्म, कधी काळजी, कधी कौतुक, कधी कायदा, कधी थट्टा. पण काम एकच होतं : बाईचे साक्षीदार एकेक करून काढून घेणं. माहेर हा साक्षीदार, मैत्रीण हा साक्षीदार, नोकरीवरचे सहकारी हे साक्षीदार. ते गेले की तिच्या सांगण्याला पुरावा उरत नाही. आणि मग शेवटची पायरी येते, ती स्वतःचीच साक्ष नाकारू लागते. 'माझंच काही चुकत असेल' हे वाक्य जिथं येतं तिथं काम पूर्ण झालेलं असतं.

मी मीरा रोडला राहते. आमच्या भागातल्या काही जणी महिन्यातून एकदा जमून पुस्तकं वाचतो. हरिभाऊंची कादंबरी घेतली तेव्हा मला भीती होती, की सव्वाशे वर्षांपूर्वीची भाषा आणि वाड्यातलं जग यांना परकं वाटेल. झालं उलटंच. एक जण म्हणाली, "वाड्यात निदान रडणं ऐकू जायचं. आमच्याकडं दार लोटलं की संपलं."

तिचं म्हणणं मला पटलं. मीरा-भाईंदर हे फार लवकर वाढलेलं गाव. एका बाजूला उत्तन-डोंगरीचे जुने कोळीवाडे, मध्ये मिठागरं, आणि बघता बघता उभ्या राहिलेल्या इमारती. २८ फेब्रुवारी २००२ रोजी इथं महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख २० हजारांच्या घरात होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसं! कुणी गिरगाव-परळच्या चाळींतून आलं, कुणी कोकणातून, कुणी गुजरात-राजस्थान-उत्तर प्रदेशातून. लग्न होऊन थेट इथंच उतरलेल्या मुली किती तरी. त्यांना इथं ना माहेर, ना शाळेतली मैत्रीण, ना कित्येकींना शेजारणीची भाषा. वाड्यात साक्षीदार काढून घ्यावे लागत होते. इथं ते मुळात नसतातच.

मग नियंत्रणही बदलतं. शंकरमामंजींची जागा मोबाइल घेतो. कुणाशी किती वेळ बोलली ते फोनच सांगतो. व्यवहार फोनवरून होतात आणि सांकेतिक क्रमांक नवऱ्याकडे, म्हणजे भाजी घेतली तरी हिशेब आपोआप पोचतो. कमावत्या बाईचं एटीएम कार्ड दुसऱ्याच्या पाकिटात असतं. गावाकडचे नातेवाईक कुटुंबाच्या ग्रुपवर रोज भेटतात, पण तिथं सगळ्यांदेखत दुःख कसं लिहिणार? तिथं फक्त सणाचे फोटो जातात. विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात धक्के खात का होईना, दोन शब्द बोलता येतात. म्हणूनच कित्येकींना ती गर्दीची वेळ दिवसातली मोकळी वेळ वाटते. नोकरी सुटली की ती गाडीही सुटते.

आपल्या कायद्यानं याची दखल घेतलेली आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाणीबरोबरच शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात धरलेला आहे. या कायद्याखाली तक्रार नोंदवण्याचा जो नमुना आहे, त्यात घराबाहेर पडू न देणं, नोकरी करू न देणं यांचाही उल्लेख आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर जोडीदारावर असं सततचं नियंत्रण ठेवणं हा २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. हरिभाऊंनी कादंबरीत मांडलेल्या गोष्टी कायद्याच्या कागदावर यायला शंभराहून अधिक वर्षं लागली. अडचणीत असलेल्या बाईसाठी १८१ ही महिला मदतवाहिनी आहे, तातडीच्या वेळी ११२ आहे. हे दोन आकडे पाठ असलेले बरे.

पण कायद्यापर्यंत जायला आधी कुणीतरी सोबत लागतं. तेच नसेल तर १८१ फिरवणारा हात फोनपर्यंत पोचत नाही. तुमच्या-माझ्या करण्यासारखं काही असेल तर ते इथं आहे. समोरच्या दाराआडच्या बाईला आपण वाचवायला जायचं नाही. तिनं मागितल्याशिवाय सल्लाही द्यायचा नाही. तिची साक्षीदार व्हायचं. महिनाभर दिसली नाही तर बेल वाजवायची. वाटीभर आमटीचं निमित्त पुरतं. ती काही बोलली तर 'सगळ्यांकडे असंच असतं' हे वाक्य गिळायचं. त्या वाक्यानं तिला धीर येत नाही, तिचं तोंड मिटतं. आणि सोसायटीच्या जिन्यात कुणा बाईविषयी खोटा खटला सुरू झाला, तर आपण निदान त्यात साक्ष द्यायला उभं राहायचं नाही. १८९० साली त्या नाभिकांनी हात मागं घेतले, तसे आपणही घेऊ शकतो.

घरातल्या पुरुषांनाही माझं सांगणं आहे. रघुनाथराव चांगला होता. पण यमुनेचं सारं सुख त्या एकट्याच्या चांगुलपणावर उभं होतं, आणि तो गेल्याबरोबर सगळं कोसळलं. बायकोला आपण चांगलं वागवतो एवढ्यावर समाधान मानू नका. आपण नसताना तिच्या बाजूनं बोलणारी माणसं तिच्याजवळ आहेत का, तिच्या नावावर चार पैसे आहेत का, तिची म्हणून एखादी मैत्रीण आहे का, हे बघा. नसतील तर ती जोडायला तिला वेळ आणि मोकळीक मिळते का, हेही बघा.

हरिभाऊंनी आपल्या कादंबरीला प्रश्नाचंच नाव दिलं. यमुना वाचकाला तोच प्रश्न विचारते आहे. वाड्याच्या जागी इमारत आली, पत्राच्या जागी फोन आला, तरी त्या प्रश्नाचं उत्तर अजून आपल्याच मजल्यावर, आपल्याच शेजारच्या दारापाशी द्यायचं राहिलं आहे.